पदर वर, पदर खाली

सूर्यभान : भोंग्याचं मशीन उघड, पूस, फुंकर मार, काय करायचं ते कर. पर त्या गोल बटनाला हात लावू नगंस. ते बटन माझं हाय.

सत्यशीला : हात कुठं लावला आबा? नुस्ती बघायलेय.

सूर्यभान : बघायलीस, तर पेचकस कशाला हातात?

सुलाबाई : अवो, इंजिनेरीला हाय लेक तुमची. पेचकस न्हाई धरनार तर काय लाटणं धरनार? औरंगाबादेहून रातभर गाडीत उभी राहून आलीय. जयंतीचा दिवस हाय. लेकराला च्या तरी पिऊ द्या सुखानं.

सूर्यभान : पिऊ दे की. मी काय तिची कपबशी धरून बसलोय? सकाळी सिताराम येऊन गेला, ते सांगितलंस का तिला?

सुलाबाई : तुमीच सांगा. माझ्या तोंडातून ते निघत न्हाई.

सत्यशीला : कोण, मंडळाचा सिताराम? काय म्हणाला?

सूर्यभान : लय गोड बोलला. काका, बाबासायबाची शंभरावी जयंती हाय, म्हनला. तालुक्यातून मानसं येनार, ताडकळसची इज्जत हाय. गेल्या साली गाण्यात तुमच्या मशीननं शिट्ट्या मारल्या, लोकं कानावर हात ठिवून उठले. औंदा आमी परभणीहून नवा सेट सांगून ठिवलाय, चालवायला त्यांचा मानूस येतो. तुमी फुडं खुर्चीवर बसा. निळा फेटा बांधतो, सत्कार करतो.

सत्यशीला : मग तुम्ही काय म्हणालात?

सूर्यभान : दिवस मावळायच्या आत सांगतो म्हनलो.

सुलाबाई : सत्कार म्हनं! बैल थकला की त्याच्या शिंगाला बेगड लावायचा आन् दावनीला बांधून टाकायचा.

सूर्यभान : खामोश बस गं. पोरगं चुकीचं न्हाई बोललं. शिट्ट्या वाजल्या त्या वाजल्या. फकत त्या मशीननं न्हाई मारल्या, माझ्या डोळ्यांनी मारल्या. मोतीबिंदू पिकलाय. तितं स्टेजच्या मागून तुझ्या मायचा पदरच दिसला न्हाई मला. समदा मांडव दुधात बुडाल्यावानी दिसत व्हता.

सुलाबाई : आन् मी शेवटच्या रांगेत पदर पाडू पाडू बेजार! शेजारची म्हनली, सुलामावशे, अंगात आलं का काय तुमच्या?

सत्यशीला : मला माहीताय ते, आबा. त्या दिवशी मी मांडवातच होते. तुमचा चेहरा बघितला होता मी. त्याच्यासाठीच ही पिशवी आणलीय.

सूर्यभान : काय हाय पिशवीत?

सत्यशीला : दाखवते. पण आधी एक ऐका. परवा कॉलेजात माझ्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हसणं माहीत नसलेला माणूस. त्यांनी माझ्यासमोर टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक हे बघा, असलं. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं ना, त्याच्या आत हेच असतं. त्याला पॉट म्हणतात.

सुलाबाई : एवढुसं? ह्यो तर बटव्यातला चुन्याचा डबा दिसायलाय.

सत्यशीला : आणि दुसरी एक मोटार. सर्व्हो मोटार. म्हणाले, ह्या दोन्हींना तीन-तीन तारा आहेत, दोन्हींचा दांडा गोल फिरतो. मग फरक काय? पुस्तकातलं पाठ केलेलं नको, तुझ्या शब्दांत सांग.

सूर्यभान : मग? आलं का तुला?

सत्यशीला : आधी पाठ केलेलंच तोंडात यायला लागलं. आणि मग मला माय दिसली. शेवटच्या रांगेत, सतरंजीच्या कडेला.

सुलाबाई : मी? मी कुठं आल्ते तिकडं?

सत्यशीला : मी म्हटलं, सर, आमच्या गावात जयंतीला गाण्याचा कार्यक्रम होतो. माझे वडील अँप्लिफायरवर बसतात, पण त्यांची जागा भोंग्यांच्या मागं. पुढं लोकांना कसं ऐकू येतंय ते त्यांना तिथून कळत नाही. म्हणून माझी आई एकदम शेवटच्या रांगेत बसते. आवाज कमी पडला की ती पदर डोक्यावर घेते. जास्त झाला की खांद्यावर पाडते. बरोबर झाला की पदर कमरेला खोचते आणि टाळ्या वाजवायला लागते. वडील तिकडं बघून बटण फिरवतात.

सुलाबाई : अगं बया! एवढ्या मोठ्या सायबाफुडं माझा पदर काढलास? लाज न्हाई वाटली?

सत्यशीला : लाज कशाची? म्हटलं, सर, ते बटण म्हणजे पॉट. फिरवलं तेवढं फिरतं, ठेवलं तिथं बसतं. कितपत फिरलंय ते विचारलं तर सांगतं. पण आपण होऊन हलत नाही, आणि बरोबर झालं का चूक झालं, त्याचा त्याला पत्ता नसतो.

सूर्यभान : खरंय. हुकमाचा ताबेदार हाय ते. गरीब.

सत्यशीला : आणि बटण, वडिलांचा हात, आईचा पदर, हे तिन्ही एकत्र धरले की झाला सर्व्हो. कुठं जायचं ते ठरलेलं. आपण कुठं आहोत ते बघायचं. फरक असला तर हलायचं, पुन्हा बघायचं, फरक मिटला की थांबायचं. सर्व्होच्या पोटातसुद्धा एक पॉट बसवलेला असतो. मोटार किती फिरली ते तो तिला सारखं सांगत असतो. म्हटलं, सर, तो पॉट म्हणजे आमची आई.

सूर्यभान : ऐकलंस का? तू मोटारीच्या पोटात हायेस.

सुलाबाई : आन् तुमी मोटार. म्हंजे कोन कुनाच्या जिवावर फिरायलंय, ते लेकीनं बरोबर वळखलं.

सूर्यभान : सायब काय म्हनला पर?

सत्यशीला : चष्मा काढला, पुसला. म्हणाले, आणि तुझ्या आईनं पदर चुकीचा हलवला तर? मी म्हटलं, ती चुकत नाही, सर. म्हणाले, इंजिनिअरनं असं बोलायचं नसतं.

सुलाबाई : त्याला काय मालूम!

सत्यशीला : नाही माय, बरोबर होतं त्यांचं. मग मी म्हटलं, सर, पदर बरोबर हलतो, पण वडिलांना तो दिसायचा बंद झालाय. मधला निरोप तुटला की हात आंधळा फिरतो. मागच्या वर्षी तसंच झालं. त्याच्यावरच माझा प्रोजेक्ट आहे. मग ते जरा पुढं सरकून बसले. गाव कुठलं विचारलं, वडील काय करतात विचारलं.

सूर्यभान : तू काय सांगितलंस?

सत्यशीला : परभणी जिल्हा, पूर्णा तालुका, ताडकळस, बौद्धवाडा. वडील पूर्णेच्या मोंढ्यात हमाली करतात आणि पंचशील गायन पार्टीचे साउंड ऑपरेटर आहेत.

सूर्यभान : वाड्याचं बी सांगितलंस?

सत्यशीला : सांगितलं.

सूर्यभान : आडनावासगट? आवाज बारीक करून सांगितलं आसशील.

सत्यशीला : नाही आबा. बटण पार शेवटापर्यंत फिरवून.

सुलाबाई : अशी लेक पायजे! बगा, बगा, डोळे पुसायलेत.

सूर्यभान : मोतीबिंदूचं पानी हाय ते.

सुलाबाई : व्हय, व्हय. मोतीबिंदू नेमका आत्ताच पाझरला.

सूर्यभान : सत्या, तुला याद हाय का गं, अठ्ठ्याहत्तर साली आपन जुनं गाव सोडलं ते? तू लहान व्हतीस, मायचं बोट धरून चालायलीस. विद्यापीठाला बाबासायबाचं नाव नगं म्हनून गावोगाव घरं पेटायली. जे हाती लागलं ते घेऊन लोकं निघाले. कुनी शेरडू, कुनी कोठीतली जवारी. मी हे मशीन डोक्यावर घेतलं.

सुलाबाई : मी म्हनलं, खायला काय, ह्याच्या तारा उकडून घालू का लेकरांना? हे म्हनले, भाकर कुनी बी देईल, आवाज कोन देईल?

सूर्यभान : तेच मशीन हाय हे. आन् आज सिताराम म्हनतो, नवा सेट आनतो. मला राग न्हाई त्याचा. फकत मन मानत न्हाई. दाव तुझी पिशवी, दाव.

सत्यशीला : ही मोटार तुमच्या बटणावर बसवायची. टेपरेकॉर्डरची जुनी मोटार आहे, दातेरी चाकं घड्याळजीकडून आणली. ही लांब वायर. आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला ही छोटी डबी. हिच्यावर पण एक बटण आहे. शेवटच्या रांगेत बसून मायनं हे छोटं बटण जेवढं फिरवलं, तेवढंच तिकडं स्टेजवर मोटार मोठं बटण फिरवते आणि थांबते.

सूर्यभान : मग मोटार कशाला मधी? सरळ मशीनचं बटनच काढून लांब वायरीवर मागं न्यायचं.

सत्यशीला : मला वाटलंच होतं तुम्ही हे विचारणार. गाण्याचा आवाज तेवढ्या लांबून फिरवून आणला तर वाटेत गुणगुण शिरते, भोंगा भुंग्यासारखा वाजतो. ह्या वायरीतून गाणं जातच नाही, फक्त निरोप जातो. गाणं स्टेजवर राहतं.

सूर्यभान : हं. अक्कल लावलीस. बसव मग. लाव हात बटनाला. लाव, मी म्हनायलोय ना.

सुलाबाई : मी डबी घेऊन लिंबाखाली जाऊन हुबी ऱ्हाते. हातच्या काकणाला आरसा कशाला? लाईट हाय तवर बघून घेऊ.

सत्यशीला : गेलीस का माय? दिसतेस. आता जरा उजवीकडं फिरव. एकदम नको, हळू!

(मोटार घुर्र करून फिरते, पुढं जाते, मागं येते, पुन्हा पुढं जाते, अँप्लिफायरचं बटण जागच्या जागी थरथरत राहतं.)

सुलाबाई : आगं, काय झालं गं? मी तर हात बी काढून घेतला!

सत्यशीला : अरे देवा… कॉलेजात नीट चालत होती. तुमचं बटण जुनं, सैल आहे ना, म्हणून. माय, तू ये इकडं. मोटार ठरलेल्या जागेच्या पुढं जाते, मग चुकलं म्हणून मागं येते, ते पण जास्तच मागं. मग पुन्हा पुढं. थांबायचं तिला कळेना झालंय.

सूर्यभान : हॅ हॅ हॅ! सुला, बघ गं बघ! वळखलंस का हे?

सुलाबाई : वळखलं की! आपली पहिली जयंती! लगीन झालं त्या सालची!

सत्यशीला : म्हणजे?

सुलाबाई : आगं, नवं नवं व्हतं. मी पदर डोक्यावर घेतला की ह्यांनी बटन धरून आसं पिळायचं की भोंगा बोंबलायचा. मी घाबरून पदर पाडला की आवाज पार गप्प. पुन्यांदा पदर वर, पुन्यांदा बोंब. वर, खाली, वर, खाली. लोकं गाणं सोडून माझ्याकडंच बघायले. शेवटी सरजावन्सं माईकवरून म्हनल्या, आदी नवरा-बायकोचं मिटू द्या, मग मी गाते.

सत्यशीला : मग कसं मिटलं?

सूर्यभान : मी अर्धंच ऐकायला लागलो. तिनं जेवढं सांगितलं त्याच्या अर्धंच फिरवायचं, दम धरायचा, पुन्यांदा बघायचं.

सुलाबाई : अजून बी अर्धंच ऐकतेत. सवय ती सवय.

सत्यशीला : आबा, आमच्या पुस्तकात ह्याच्यावर आख्खा धडा आहे, आणि उपाय हाच आहे! ही मोटार लयच आज्ञाधारक झालीय, शंभर टक्के ऐकायलीय. तिचं ऐकणं जरा कमी करते. आत ह्याच कामाला एक बारका पॉट ठेवलाय. पेचकस द्या. …आता घ्या. माय, इथूनच फिरव.

सुलाबाई : फिरवलं.

सूर्यभान : गेली… थांबली. आपसूक थांबली की गं! परत घे खाली. …थांबली. झाक! लय झाक काम केलंस पोरी. घरचं सोनं हाय आपलं, सुला. ह्याला म्हनतात डोस्कं.

सत्यशीला : मग सितारामला सांगू ना? नवा सेट नको म्हणून?

सूर्यभान : सांग. मशीन आपलंच वाजनार म्हनाव.

सत्यशीला : आणि तुम्ही?

सूर्यभान : मी बसतो की फुडं खुर्चीवर. फेटा बांधून. तुझी माय मागं डबी फिरवनार, इकडं मोटार बटन फिरवनार. मधी माझं काय काम? न्हाई, वाईट वाटून न्हाई बोलत. मशीन वाचलं, लेकीनं वाचवलं, ह्याच्यावर आजून काय पायजे मानसाला? फकत… एवढे साल हाताला सवय झाली ना.

सत्यशीला : आबा, मी तुम्हाला उठवायला नाही बनवलं हे.

सुलाबाई : कानामागून आली आन् तिखट झाली, तसं झालं ह्या मोटारीचं. पर आवो मोटारवाले, एक सांगा. सरजावन्संचं ते नामांतराचं गाणं हाय ना, त्यात ती ओळ येते…

सूर्यभान : “सांगा भीमाला, पाटी अजून कोरी हाय.”

सुलाबाई : तीच. तितं वन्सं आवाज पार खाली आनतेत, बाळाला थोपटल्यावानी. मागं शेवटच्या रांगेत ऐकूच येत न्हाई. मी दरसाली तितं पदर डोक्यावर घेते. एकदा तरी वाढवला का तुमी आवाज?

सूर्यभान : न्हाई.

सुलाबाई : मी चिडायची. मनात म्हनायची, आंधळा झालाय का ह्यो मानूस? मग एका साली पदर तसाच ऱ्हाऊ दिला आन् बाजूला बघितलं. समद्या बाया फुडं वाकलेल्या. लेकरांच्या तोंडावर हात ठिवलेले. दोन हजार मानूस श्वास धरून ती एक ओळ ऐकायला झुकलंय. तवा मला कळलं तुमी कामून वाढवत न्हाई. पर कळलं तरी पदर घ्यायची ऱ्हायले न्हाई.

सूर्यभान : का गं?

सुलाबाई : तुमी न्हाई वाढवनार, ह्याचा भरोसा व्हता मनून.

सत्यशीला : आबा, ही मोटार त्या ओळीला आवाज वाढवेल. माय सांगेल तेवढा. तिला ना म्हणता येत नाही. आणि ते मला तिला शिकवता येत नाही. कुठल्याच पुस्तकात नाही ते.

सुलाबाई : म्हंजे डबी माझ्या एकटीच्या हातात देऊन उपेग न्हाई. डबी ह्यांच्या हातात पायजे. आन् मी शेजारी पायजे.

सूर्यभान : म्हंजे मी मागं, शेवटच्या रांगेत? बायांत?

सुलाबाई : सतरंजीच्या कडेला बसा की. कोन खायलंय तुमाला? आन् मी विचारते, आपलं मशीन फुडून कसं वाजतंय ते तुमी कवा ऐकलंय का?

सूर्यभान : …न्हाई. कवाच न्हाई. नेहमी भोंग्याच्या मागं. सरजा माझी सख्खी बहीन, पर तिचं गाणं मला पाठीकडूनच ठाऊक.

सुलाबाई : घ्या! आख्ख्या तालुक्याला ऐकवलं आन् सोता उपाशी.

सूर्यभान : मागून कसं ऐकू येतंय गं, सुला?

सुलाबाई : सांगून कळत आसतं तर पदर कशाला हलवला असता जलमभर? आज बसा संगं.

सत्यशीला : मग आबा, नक्की? स्टेजवर मशीनपाशी मी बसते. काही बिघडलं तर आहे मी तिथं. तुमच्या जागेवर बसू ना?

सूर्यभान : बस. चपला काढून बस.

सत्यशीला : आणि सितारामला काय निरोप देऊ? खुर्चीचं, फेट्याचं?

सूर्यभान : म्हनाव, परभणीच्या मानसाला उगं हेलपाटा नगं. खुर्ची पावन्यांना दे. आन् फेटा आनलाच आसंल तर वाया घालू नगंस. स्टेजवर आमच्या मशीनपाशी इंजिनेर बसलीय, तिच्या डोक्याला बांध. भर मांडवात बांध, आन् माईकवरून नाव घे तिचं. पुरं नाव. आडनावासगट.

सत्यशीला : आबा…

सूर्यभान : जा, जा. दिवस कलायलाय. वायर सोडायची हाय मांडवभर. लोकांच्या पायात येनार न्हाई आशी सोड.

सुलाबाई : गेली बगा पळत. लहानपनी पाटी घेऊन साळंला आशीच पळायची. …आन् आवो, आता डबी तुमच्या हाती आली. मग मी पदराचं काय करू आज?

सूर्यभान : घेत जा की आपला डोक्यावर, वाटंल तवा. इतक्या जवळून दिसतंय मला.